शब्दाची मुदत

व्यापाराच्या भाषेत ‘पत’ हा फार लहान आणि फार वजनदार शब्द आहे. पतपेढी, पतपुरवठा, पतमर्यादा हे सारे शब्द त्यातूनच घडले. दुकानातील माल मोजता येतो, गल्ल्यातील रोकड मोजता येते, येणे-देणे खतावणीत उतरवता येते. पत मात्र ताळेबंदाच्या कोणत्याही रकान्यात दिसत नाही. तरीही एखाद्या पेढीचा मुनीम रिकाम्या हाताने बाजारात जाऊन गाडीभर माल उचलून आणतो आणि दुसऱ्या पेढीच्या मालकाला रोख रक्कम पुढे ठेवल्याखेरीज एक पोतेही हलवता येत नाही, हे दृश्य बाजारात नित्याचे आहे.

हा फरक कशामुळे पडतो, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण ‘प्रामाणिकपणा’ या एका शब्दात देतात. ते उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. मनाने पूर्ण प्रामाणिक असलेले, कोणाचा एक रुपयाही बुडवण्याचा विचार न करणारे कितीतरी व्यापारी बाजारातील पत गमावून बसतात. त्यांनी कोणाचा पैसा बुडवलेला नसतो. सांगितलेल्या दिवशी तो दिलेला नसतो, एवढेच.

बाजाराला कोणाच्या मनात डोकावता येत नाही. काय सांगितले होते, कोणत्या दिवसाचे सांगितले होते आणि त्या दिवशी ते झाले की नाही, एवढ्या तीनच गोष्टी त्याला कळतात. हेतू कितीही शुद्ध असला, तरी तो कळण्याचा मार्ग मुदतीतूनच जातो. म्हणून दिलेला शब्द पाळणे याचा व्यवहारातील अर्थ, त्या शब्दाची मुदत पाळणे असाच होतो. जुन्या पेढ्यांनी हे पुरते ओळखले होते आणि त्यासाठी एक संपूर्ण व्यवस्था उभी केली होती.

हुंडीची शिकवण

आजच्या तरुण व्यापाऱ्याला हुंडी हा शब्द ऐकून माहीत असतो. तिची रचना मात्र क्वचितच माहीत असते. एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीवर लिहिलेला, अमुक रक्कम अमक्यास द्यावी असा आदेश म्हणजे हुंडी. सुरतेच्या व्यापाऱ्याला आग्र्यात माल घ्यायचा असेल, तर रोकड बैलगाडीवर घालून चोर-दरोडेखोरांच्या वाटेने नेण्याची गरज नसे. सुरतेत रक्कम भरायची, हुंडी घ्यायची आणि आग्र्यात ती दाखवून पैसे घ्यायचे. या सेवेबद्दल जी आकारणी होई, ती हुंडणावळ. आज परकीय चलनाच्या विनिमयासाठी मराठीत हाच शब्द रूढ आहे.

हुंडी दाखवताच पैसे द्यायचे असतील, तर ती दर्शनी. ठरावीक दिवसांनी द्यायचे असतील, तर मुदती. म्हणजे मुदतीचा उल्लेख हा हुंडीच्या मूळ व्याख्येतच होता. ‘सवडीने देऊ’ किंवा ‘बघून घेऊ’ असे म्हणणारी हुंडी अस्तित्वातच नव्हती.

शहाजोग हुंडीची पद्धत तर विशेष मनन करण्याजोगी आहे. ही हुंडी कोणाही धारकाला वटवता येत नसे. बाजारात ज्याला पत आहे, ज्याला लोक ‘शहा’ म्हणून ओळखतात, अशा व्यापाऱ्यालाच तिचे पैसे मिळत. पैसे देणारी पेढी आधी चौकशी करी आणि समोरचा माणूस खरोखरच शहा आहे, अशी खात्री झाल्यावर रक्कम मोजी. पुढे ती हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर पैसे घेणाऱ्या शहाला ती रक्कम व्याजासह परत करावी लागे. ‘शहा’ म्हणून मिळणाऱ्या मानाबरोबर त्या मानाची जबाबदारीही अशी खांद्यावर येत असे. आज असंख्य कुटुंबे ‘शहा’ हे आडनाव लावतात. बाजाराच्या लेखी एके काळी ती पत होती आणि तिची किंमत रोकडीत चुकवावी लागे.

हुंडी वाटेत गहाळ झाली, तर तिची दुसरी प्रत काढली जाई, तिला पैठ म्हणत. तीही हरवली, तर परपैठ. पैसे चुकते झाले की हुंडी रद्द करून जपून ठेवली जाई, तिला खोखा म्हणत. याहून सूक्ष्म तरतूद होती ती जिकरी चिठ्ठीची. ज्या पेढीवर हुंडी लिहिली, तिने काही कारणाने ती नाकारली तर काय, हा विचार लिहिणाऱ्याने आधीच केलेला असे. त्याच गावातील दुसऱ्या एखाद्या स्नेही पेढीच्या नावे तो चिठ्ठी देऊन ठेवी: हुंडी परत फिरत असेल, तर आमच्या पतीखातर आपण ती चुकती करावी. हुंडी नाकारली गेलीच, तर व्याज आणि नुकसानभरपाई किती द्यायची, याचेही दंडक गावोगावच्या बाजारांनी घालून दिले होते.

इंग्रज सरकारने 1881 मध्ये परक्राम्य संलेख अधिनियम केला, तेव्हा देशी भाषांत लिहिलेल्या अशा संलेखांचे स्थानिक रिवाज त्या कायद्याने अबाधित ठेवले. आपल्या कायद्याबाहेर उभ्या असलेल्या एका व्यवस्थेला राज्यकर्त्यांनी दिलेली ही मान्यता होती.

या सर्व तपशिलांतून एक गोष्ट स्पष्ट होते. जुनी बाजारपेठ सर्व माणसे सज्जन आहेत, अशा भाबड्या समजुतीवर उभी नव्हती. शब्द कोणी दिला, कोणाला दिला, किती रकमेचा दिला, कोणत्या दिवसाचा दिला आणि तो मोडण्याची वेळ आली तर कोण पुढे होणार, या पाच प्रश्नांची उत्तरे व्यवहाराच्या आरंभीच ठरलेली असत. विश्वास त्या उत्तरांतून हळूहळू साचत जाई.

आधी सांगणारा ऋणको

शब्द पाळण्याइतकीच, किंबहुना अधिक अवघड गोष्ट म्हणजे तो पाळता येणार नाही हे वेळेपूर्वी सांगणे. याचे एक सुंदर उदाहरण जैन व्यापाऱ्याच्याच आत्मचरित्रात आहे. श्रीमाल कुळातील बनारसीदास यांचा जन्म 1586 मध्ये जौनपूर येथे झाला. ‘समयसार नाटक’ या ग्रंथामुळे अध्यात्मप्रेमी मंडळी त्यांना ओळखतात. 1641 मध्ये त्यांनी ‘अर्धकथानक’ हे पद्यमय आत्मचरित्र लिहिले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून, पंचावन्नाव्या वर्षी लिहिलेली ही अर्धी कथा. त्यात त्यांनी आपले व्यापारातील अपयश जराही न झाकता सांगितले आहे.

तरुणपणी वडिलांनी त्यांना जवाहीर, तेल, तूप, कापड असा माल देऊन आग्र्यास पाठवले. व्यापाराचा अनुभव नव्हता. काही माल तोट्यात गेला, काही जवाहीर हरवले आणि अखेर हाताशी काहीच उरले नाही. त्या दिवसांत ते एका कचोरीवाल्याकडून उधारीवर कचोऱ्या घेऊन पोट भरत. काही काळ असे चालल्यावर त्यांनी त्या कचोरीवाल्याला एकांतात गाठले आणि आपली खरी परिस्थिती सांगून टाकली: आपल्याजवळ आता काहीही नाही, तेव्हा यापुढे उधार देताना विचार करावा. कचोरीवाल्याने उलट त्यांना धीर दिला. वीस रुपयांपर्यंत खुशाल खावे, कोणी तगादा करणार नाही, असे त्याने सांगितले. सहा-सात महिने हा क्रम चालला. पुढे बनारसीदासांना भागीदारीत जवाहिराचा व्यापार मिळाला, चार पैसे हाती आले आणि कचोरीवाल्याचा हिशेब चुकता झाला.

या प्रसंगात बनारसीदासांजवळ पैसा नव्हता, तारण नव्हते, परतफेडीचा निश्चित दिवसही त्यांना सांगता येत नव्हता. तरीही उधार देणाऱ्याचा विश्वास वाढला, कारण वाईट बातमी त्याला ऋणकोच्या तोंडून आणि वेळेपूर्वी कळली. तीच बातमी त्याला बाजारातून कळली असती, किंवा बनारसीदासांनी त्याच्या दुकानावरून जाणे टाळले असते, तर निकाल वेगळा लागला असता. कचोरीवाल्याची उदारताही लक्षात घेण्यासारखी आहे; त्याने वीस रुपयांची मर्यादा घातली. मर्यादा असलेला विश्वास टिकतो, ही पतपुरवठ्याची पहिली शिकवण त्या साध्या माणसाला कोणत्याही पुस्तकाविना अवगत होती.

वायद्यांचा महापूर

आवाक्याबाहेरचे शब्द देण्याचा परिणाम काय होतो, हे मुंबईने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मागणीचा सारा ओघ हिंदुस्थानच्या कापसाकडे वळला. मुंबईत अमाप पैसा आला. त्या पैशावर नव्या बँका, वित्त कंपन्या आणि समुद्र भरून जमीन तयार करण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीच्या शेअरचे भाव गगनाला भिडले. लोक शेअर रोखीने घेत नव्हते. पुढील तारखेला पैसे देण्याच्या बोलीवर घेत होते. या बोलीला बाजारात ‘वायदा’ म्हणतात आणि वायदा या शब्दाचा मूळ अर्थ वचन हाच आहे.

1865 च्या एप्रिलमध्ये युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले. असंख्य वायद्यांची पूर्ततेची तारीख 1 जुलै 1865 होती. त्या दिवशी प्रत्येक जण दुसऱ्याकडून येणाऱ्या पैशावर विसंबून होता आणि कोणाकडेच पैसा नव्हता. एकाचा शब्द मोडला, त्यामुळे दुसऱ्याचा, त्यामुळे तिसऱ्याचा. मोठमोठ्या पेढ्या बसल्या. तेजीचे अध्वर्यू मानले गेलेले प्रेमचंद रायचंद यांनाही त्याची जबर झळ पोहोचली. जुनी बँक ऑफ बॉम्बे त्या धक्क्यातून सावरली नाही. 1868 मध्ये ती गुंडाळून त्याच नावाची नवी बँक उभी करावी लागली.

त्या हाहाकारातील प्रत्येक माणूस लबाड होता, असे मुळीच नाही. अनेकांनी शब्द दिला, तेव्हा तो पाळण्याची त्यांची मनापासून इच्छा होती. दोष एवढाच की, आपला शब्द त्यांनी दुसऱ्याच्या शब्दावर उभा केला होता. ‘त्याच्याकडून आले की याला देतो’ हे वाक्य आजही प्रत्येक बाजारात ऐकू येते. दहा वर्षांनी, 1875 मध्ये, मुंबईच्या दलालांनी आपली संघटना स्थापन केली. तीच पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून नावारूपास आली. केवळ परस्परांच्या भरवशावर चालणाऱ्या धंद्याला नियमांची चौकट लाभत गेली, ती अशी.

व्रत आणि वही

व्यापारी वचनाचा विचार जैन परंपरेने धर्माच्या अंगानेही केला आहे. श्रावकाच्या सत्य आणि अचौर्य या अणुव्रतांचे अतिचार सांगताना तत्त्वार्थसूत्राने जे दोष मोजले, त्यांतील बरेचसे थेट दुकानातले आहेत. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा कागद करणे. न्यासापहार म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव दाबणे. हीनाधिकमानोन्मान म्हणजे घेण्याचे माप एक आणि देण्याचे दुसरे. प्रतिरूपक व्यवहार म्हणजे अस्सल मालात नकली मिसळणे. व्रताची कसोटी उपाश्रयात किंवा मंदिरात लागते, त्याहून अधिक ती तराजूपाशी आणि वहीपाशी लागते, हे या यादीवरून कळते. जो श्रावक चातुर्मासात एकाशनाचा नियम एक दिवसही चुकवत नाही, त्याच्या पेढीतून माल पुरवणाऱ्या लहान कारखानदाराला चौथ्यांदा ‘पुढच्या सोमवारी या’ असे सांगितले जात असेल, तर नियमपालनाची ती शक्ती अर्ध्या वाटेवरच थांबली, असे म्हणावे लागेल.

हिऱ्यांच्या बाजारात ही शक्ती आजही काम करताना दिसते. तेथे जांगड पद्धतीने माल पसंतीसाठी दिला जातो. लक्षावधी रुपयांची पुडी एका लहानशा चिठ्ठीवर दुसऱ्याच्या हाती जाते. मालकी देणाऱ्याचीच राहते. घेणाऱ्याने ठरल्या वेळी माल परत करायचा किंवा पसंती कळवायची. कागदाचे संरक्षण तेथेही आहे. परंतु ती पुडी हातातून हाती जाते, ती घेणाऱ्याने यापूर्वीच्या पुड्या वेळेवर परत केल्या होत्या म्हणून.

कायद्याने मोजलेले दिवस

जे काम पूर्वी बाजाराची लाज करीत असे, ते आता बऱ्याच अंशी कायद्याकडे आले आहे. आणि कायदाही दिवसच मोजतो. चेक न वटणे हा 1 एप्रिल 1989 पासून परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली गुन्हा ठरला. बँकेकडून चेक परत आल्याची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यायची. ती मिळाल्यावर चेक देणाऱ्याला रक्कम चुकती करण्यासाठी 15 दिवसांची संधी. ती हुकली, तर तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंतचा कारावास, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोडलेला शब्द सांधण्यासाठी कायद्याने पंधरा दिवस राखून ठेवले आहेत. जुन्या जिकरी चिठ्ठीशी याचे नाते आहे. फरक एवढाच की, ती चिठ्ठी पत जाण्याआधी उपयोगी पडे आणि नोटीस पत गेल्यावर येते.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून माल किंवा सेवा घेणाऱ्यांसाठी 2006 च्या कायद्याने मुदत ठरवली आहे. लेखी करार असेल, तर ठरलेल्या तारखेला, पण कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांच्या आत. करार नसेल, तर 15 दिवसांत पैसे द्यायचे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज. 2023 च्या वित्त कायद्याने त्यात आणखी एक कळ फिरवली: या मुदतीत न दिलेली रक्कम ती प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून वजा मिळत नाही. मार्च महिना जवळ आला की अनेक पेढ्यांत सध्या जी धावपळ दिसते, ती याच तरतुदीमुळे. वर्षभर थांबवलेले लहान पुरवठादार एकाएकी आठवतात. त्यांना पैसे मिळतात ही चांगली गोष्ट. पण कराच्या भीतीने दिलेल्या पैशातून पत तयार होत नाही.

बँकेचे मोजमाप याहून बारीक आहे. कर्जाचा हप्ता 90 दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याआधीच्या पायऱ्या फार थोड्यांना ठाऊक असतात. रक्कम थकली की 30 दिवसांपर्यंतचा विलंब, 60 दिवसांपर्यंतचा विलंब आणि 90 दिवसांपर्यंतचा विलंब अशा तीन वर्गांत ते खाते नोंदले जाते. पत माहिती कंपन्यांच्या अहवालात महिन्यागणिक किती दिवस उशीर झाला, याचा मागील तीन वर्षांचा आलेख दिसतो. शेवटी पैसे भरले, व्याजही भरले, तरी ‘उशीर झाला होता’ ही नोंद लगेच पुसली जात नाही. ‘दिले ना शेवटी?’ या प्रश्नाला बाजार मनातल्या मनात जे उत्तर देतो, तेच बँकेचा अहवाल आकड्यांत लिहितो.

शब्द मोडतो कसा?

शब्द मोडण्याची कारणे तपासली, तर बुद्धिपुरस्सर लबाडी त्यात फार थोडी आढळते. पहिले कारण भिडस्तपणा. समोरच्याला नाही म्हणणे जिवावर येते, म्हणून ‘होऊन जाईल’ असे म्हटले जाते. हे दोन शब्द बोलणाऱ्याच्या दृष्टीने सौजन्य असते. ऐकणारा मात्र त्यावर आपला पुढचा व्यवहार बांधतो. लग्नसराईच्या तोंडावर ‘शनिवारपर्यंत साड्या पोहोचतील’ असे ऐकून किरकोळ दुकानदार आपल्या गिऱ्हाइकाला रविवार सांगून मोकळा होतो. शनिवार हुकला की एका पेढीचा शब्द मोडत नाही, दोघांचा मोडतो.

दुसरे कारण नोंदीचा अभाव. पैशाची प्रत्येक हालचाल रोजमेळात लिहिणारी पेढी दिलेल्या शब्दांची नोंद मात्र कोठेही ठेवत नाही. फोनवर दिलेली तारीख, वाटेत भेटलेल्याला दिलेले आश्वासन, नोकराला पगारवाढीबद्दल सांगितलेला महिना हे सारे स्मरणावर सोपवलेले असते. घेणाऱ्याची स्मृती देणाऱ्याच्या स्मृतीपेक्षा नेहमीच चांगली असते.

तिसरे कारण घराच्या रचनेतच असते. एका पेढीत वडील, दोन मुलगे आणि पुतण्या बसत असतील, तर चौघेही शब्द देतात. धाकट्याने कबूल केलेला भाव थोरल्याला माहीत नसतो. थोरल्याने दिलेली तारीख वडिलांना मान्य नसते. ‘तो लहान आहे, त्याचे काय ऐकता?’ असे म्हणून शब्द फिरवला, की त्या मुलाची पत तर जातेच, पेढीचीही जाते. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे प्रत्येक भागीदार पेढीच्या कामकाजापुरता पेढीचा प्रतिनिधी असतो आणि त्याच्या कृतीची जबाबदारी सर्व भागीदारांवर संयुक्तपणे व वैयक्तिकपणे येते. गिऱ्हाईक किंवा पुरवठादार कायद्याचे पुस्तक उघडत नाही. पण त्याची समजूत नेमकी हीच असते. गादीवर जो बसला, त्याचा शब्द पेढीचा शब्द.

चौथे कारण मुंबईच्या 1865 च्या कहाणीत येऊन गेलेच: आपले देणे दुसऱ्याच्या येण्यावर टांगून ठेवणे.

वचनांची खतावणी

उपाय या कारणांतूनच निघतात आणि त्यांतील एकालाही भांडवल लागत नाही. देण्याच्या आणि पोहोचवण्याच्या सर्व तारखा एका वहीत, किंवा हल्ली मोबाइलमध्येही, लिहून ठेवाव्यात. कोणाला, काय, केव्हा आणि पेढीतर्फे कोण बघणार, असे चार रकाने पुरतात. सकाळी रोजमेळ उघडताना ही वहीही उघडावी. आज ज्यांची मुदत आहे ते देणे पाहावेच. पण पुढील चार-पाच दिवसांत ज्यांची मुदत येते, तेही पाहावे. अडचण दिसत असेल, तर निरोप मुदतीच्या आधी जावा. वसुलीचा माणूस दारात आल्यावर सांगितलेली अडचण सबब वाटते. तीच दोन दिवस आधी फोन करून सांगितली, तर ती माहिती ठरते. अशा वेळी नवी तारीख सोबतच द्यावी आणि ती पहिलीपेक्षा अधिक विचारपूर्वक द्यावी, कारण दुसऱ्यांदा मोडलेल्या शब्दाला तिसरी संधी क्वचितच मिळते. शक्य असेल, तर थोडी रक्कम त्याच दिवशी द्यावी. पूर्ण रक्कम नाही म्हणून काहीच न देणारा आणि निम्मी देऊन उरलेल्याची तारीख सांगणारा, या दोघांना बाजार वेगवेगळ्या खात्यांत मांडतो.

तारीख देताना हाताशी दोन-चार दिवस राखून द्यावी. आठ दिवसांत होणारे काम बारा दिवसांत देऊ असे सांगून दहाव्या दिवशी देणाऱ्याची कीर्ती, सहा दिवसांत देऊ म्हणून आठव्या दिवशी देणाऱ्यापेक्षा अधिक असते. प्रत्यक्षात दुसऱ्याने काम लवकर केलेले असले तरी. हा हिशेब व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. केवळ तो शब्दांनाही लावायचा असतो, एवढेच ध्यानात ठेवायचे.

मोठ्या देण्यांबाबत बहुतेक पेढ्या सावध असतात. पत खरी घडते ती लहान देण्यांतून. हमालाची मजुरी, टेम्पोवाल्याचे भाडे, दुकानातील मुलाचा महिन्याच्या ठरल्या तारखेचा पगार, शेतकऱ्याची हिशेबपट्टी यांत होणारा विलंब व्यापाऱ्याला किरकोळ वाटतो. ज्याचे घर त्या पैशावर चालते, त्याला तो किरकोळ नसतो. आडत्याने पट्टीचे पैसे चार खेपा घालायला लावून दिले, तर शेतकरी भांडत नाही. पुढच्या हंगामात त्याचा माल शेजारच्या गाळ्यावर उतरतो. दुकानातील नोकरही भांडत नाही. मालक आपल्याला दिलेली तारीख पाळत नाही, हे तो पाहतो आणि गिऱ्हाइकाला दिलेली तारीख आपणही तितकीच सैल धरतो. पेढीतील शिस्त अशी वरून खाली झिरपते.

घेणाऱ्याच्या बाजूलाही कर्तव्य आहे. तारीख मागताना ती समोरच्याला झेपेल अशी मागावी. गळ्यात मारलेली तारीख बहुधा मोडते आणि मोडल्यावर दोघांचेही नुकसान होते. ज्याने अडचण आधी येऊन सांगितली, त्याला चारचौघांत बोल लावू नये. तसे केले, तर पुढच्या वेळी तो येऊन सांगणार नाही, तोंड चुकवील. सत्य ऐकून घेण्याची तयारी असणाऱ्यालाच सत्य सांगितले जाते.

आज व्यापारी घरांतील मुले वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या पदव्या घेऊन पेढीवर येत आहेत. संगणकावरील हिशेब, वस्तू व सेवा कराची विवरणे, परराज्यातील बाजार हे सारे ती वडिलांपेक्षा झपाट्याने हाताळतात. दुकान, गोदाम, यंत्रे, बँकेतील मर्यादा ही मालमत्ता त्यांच्या नावावर करता येते. पत मात्र कोणत्याही दस्ताने हस्तांतरित होत नाही. वडिलांच्या नावावर बाजार मुलाला पहिली काही वर्षे माल देतो. त्या वर्षांत तो मुलाच्या तारखा मोजत असतो. म्हणून नव्या पिढीला पेढीची सूत्रे देताना आधी तिच्या हाती एखादा लहान पुरवठादार, एखादे लहान गिऱ्हाईक आणि त्यांना द्यायच्या तारखा सोपवाव्यात आणि त्या तारखांत वडीलधाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये. मुलाने दिलेली तारीख मुलानेच पाळायची, आणि ती पाळता येत नसेल, तर फोनही त्यानेच करायचा. पहिला असा फोन करताना त्याला संकोच वाटेल. पण तो फोन करण्याची सवय ज्या घरात लागते, त्या घरच्या मुनिमाला बाजारात माल उचलताना रोकड पुढे ठेवावी लागत नाही.